इथे 'मी' म्हणजे शेवया

सितियावानच्या बाजारामागे, पत्र्याच्या छपराखाली
सकाळी साडेसहालाच सगळे प्रांत जागे होतात.
कोपऱ्यात तिओच्यूंची पेज, वर खारवलेला मुळा,
तिला खेटून हक्कांचा टोफू, पोटात माशाचा खिमा भरलेला.
हैनानी म्हातारा कापडी गाळणीतून कॉफी ओढतो,
हात उंच, धार लांब, नजर भलतीकडेच.
प्रत्येक पाटीवर एकेका मुलखाचं नाव आहे,
मुलूख पाहिलेला मात्र कुणी नाही.
"हैनान?" म्हातारा म्हणतो, "टीव्हीवर बघितलंय एकदा.
फार ऊन होतं."

लुमुतच्या गोदीत आमचं जहाज डागडुजीला लागलंय.
एकवीस दिवस झाले. रोज सकाळी
अकरा नंबरच्या ठेल्यासमोर उभा राहतो
आणि एवढंच म्हणतो: मी.
हसू नका. इथे मी म्हणजे शेवया.

फूचौ लोकांची मी सुआ. सुताहून बारीक.
वाडग्यात लाल तांदळाची दारू, आल्याचे तुकडे, कोंबडीची तंगडी,
कानाच्या पाळीसारखी मऊ काळी अळंबी.
वाढदिवसाला हीच, बाळंतिणीला हीच.
तोडायची नाही म्हणे शेवई, आयुष्य तुटतं.
पहिल्या दिवशी मी चमच्याने तोडली,
तर शेजारच्या बाकावरून 'च्च' असा आवाज आला.
त्या लाउ बाई. शाळेत गणित शिकवायच्या.
अजून शिकवतात.

ठेला लिंग तिएंग सुईचा. वय चौऱ्याहत्तर.
दारू घरची, त्याच्या पलंगाखालच्या बरण्यांत मुरलेली.
तेराव्या दिवशी माझ्या ध्यानात आलं
की रस्सा तो स्वतः चाखतच नाही.
डाव भरतो आणि न बघता मागे धरतो,
मागे ती मोलमाइनची बाई
फुंकर मारते, घोट घेते, भुवई हलवते.
वर गेली की पुरे. खाली आली की मीठ.
कधी दोन बोटं: दारू, आणखी दोन पळ्या.

गेल्या वर्षीच्या तापात त्याची चव गेली
ती परत आली नाही.
हे तिनंच सांगितलं, वाडगे विसळता विसळता,
मोडक्या मलयमध्ये. माझी तिच्याहून मोडकी.
"कुठे बोलू नकोस. गिऱ्हाईक तुटेल."
मी कुठे बोलणार? हैनानी म्हाताऱ्याला तर
सगळं आधीच ठाऊक असावं, त्याच्या नजरेवरून.

नाव विचारलं. म्हणाली, "मी चान."
मोन बायकांच्या नावाआधी मी लागतं म्हणे.
मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांनाच लागतं,
आणि सुटता सुटत नाही.
तिला कळलं नाही. मला सांगता आलं नाही.
मध्ये वाडग्यात ती तिसरी मी
फुगत बसली.

तिच्या आईच्या रश्श्यात मासळी असायची
आणि केळीच्या खोडाचा गाभा. दारूचं नाव नाही.
लाल दारूची पहिली पळी तिनं थुंकली होती.
आता कुठली बरणी आंबट निघणार
ते झाकण उघडायच्या आधी सांगते.

आज रविवार. उद्या जहाज सुटेल.
लाउ बाई आल्या, स्वतःचा चमचा रुमालात गुंडाळून.
वर्षभर म्हणे अर्धा वाडगा टाकून उठायच्या,
काही न बोलता. त्याला ते न बोलणंच लागायचं.
आज वाडगा तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही,
ठेवला तेव्हा तळाची फुलं दिसत होती.
"आज जमलं, तिएंग सुई," त्या म्हणाल्या.
"माझ्या आईच्या हातचं."

त्यानं मान हलवली. पैसे घेतले, सुटे परत दिले,
दहा सेंट जास्तच गेले.
मग गिऱ्हाईक नसताना, काही उकळत नसताना,
हात मागे नेला आणि डाव धरला,
रिकामा.
तिनं सवयीनं
फुंकर मारली.